‘आपोआप चालू होतं’ असा रकाना नाही, मॅडम

घरात आपोआप चालू होणारे व्हिडिओ बंद करायचे, असं मी ठरवलं. फोनचं काम अर्ध्या तासात उरकलं. यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंची हिस्ट्री पुसली आणि पुढची नोंद बंद केली. ऑगस्ट २०२३ पासून असं आहे की हिस्ट्री नसली की होमच्या पानावर शिफारशी येत नाहीत, पान कोरं राहतं. काय हवंय ते शोधायचं, बघायचं, बाहेर पडायचं. ऑटोप्ले बंद, नुसतं बोट थांबलं की चालू होणारे व्हिडिओ बंद, नोटिफिकेशन बंद. संपलं.

अडलं ते हॉलमधल्या टीव्हीपाशी.

ब्रॉडबँडच्या प्लॅनबरोबर आम्हाला एक बॉक्स ‘फुकट’ मिळाला होता. टीव्ही लावला की आधी त्या बॉक्सचं पान उघडायचं आणि वरच्या पट्ट्यात कुठल्या तरी वेबसिरीजचं ट्रेलर आवाजासकट सुरू व्हायचं. रिमोट हातात येऊन बटण सापडेपर्यंत त्यात कुणाचा तरी खून झालेला असायचा. सासूबाई लावायच्या कीर्तन, मुलगा जेवताना टीव्ही लावायचा तो ‘बातम्या बघतो’ म्हणून, आणि दोघंही तासाभराने भलतंच काही तरी बघत बसलेले सापडायचे. नवऱ्याचं म्हणणं, मनाचा निग्रह पाहिजे. मी म्हटलं, अहो, नेटफ्लिक्सच्या रीड हेस्टिंग्जनी २०१७ मध्ये उघड सांगितलं होतं की आमची स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे. एवढी माणसं पगार घेऊन ज्या कामाला लागली आहेत, तिथे आपला निग्रह दिवसभराच्या ऑफिसनंतर रात्री नऊ वाजता कुठवर पुरणार?

तर मला एवढंच हवं होतं: टीव्ही लावल्यावर मी सांगेपर्यंत त्याने गप्प बसावं.

बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये सगळं होतं. भाषा, घड्याळ, वॉलपेपर, अक्षरांचा आकार. पहिल्या पानावरचं ट्रेलर बंद करायचं बटण मात्र नव्हतं. कंपनीने स्वतःचं पान वर बसवलं होतं आणि त्यात ती सोयच ठेवली नव्हती. म्हणून हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं, तर पलीकडचा मुलगा हिंदीत. नेट चालू आहे का, म्हणाला. आहे. स्पीड येतोय का? येतोय. मग प्रॉब्लेम काय? मी म्हटलं, व्हिडिओ आपोआप चालू होतो. तो जरा थांबला आणि म्हणाला, म्हणजे चालू होतोय ना, मॅडम?

त्याच्यासमोर तक्रारींची यादी होती. नेट बंद, स्पीड कमी, बिल, रिमोट, चित्र दिसत नाही. ‘आपोआप चालू होतं’ असा रकाना नव्हता. रकाना निवडल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही म्हणून त्याने ‘चित्र दिसत नाही’ निवडलं. मी नको म्हणत होते, पण नंबर येऊन पडला होता. संध्याकाळी मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया रेटिंग द्या.

परत फोन, परत तीन, परत सगळं पहिल्यापासून. या वेळी माणूस घरी आला. पोरगा भला होता, चपला दाराबाहेर काढून आत आला. त्याच्या मोबाइलवरही ‘चित्र दिसत नाही’ हेच लिहिलेलं, त्यामुळे आल्या आल्या त्याने टीव्हीमागची केबल बदलली. मी समोरचं चित्र दाखवलं. हो ताई, दिसतंय की, म्हणाला, आणि तक्रार बंद करायला माझ्याकडे ओटीपी मागितला. मी दिला नाही. मग त्याने ऑफिसात फोन करून पलीकडच्याला जे सांगितलं ते मला अजून आठवतं: “इथे मॅडमना दिसतंय, त्याचा त्रास आहे.”

शेवटी कंपनीच्या ऑफिसात स्वतः गेले. टोकन, खुर्च्या, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तेच ट्रेलर. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं (पूर्ण ऐकणारी ही पहिली व्यक्ती) आणि म्हणाल्या, ते बंद होत नाही, बॉक्स परत करा. नेट तसंच राहील. हे वाक्य फोनवर एकाही माणसाने उच्चारलं नव्हतं. अर्जात बॉक्स परत करण्याचं कारण विचारलेलं: घर बदलणे, दर परवडत नाही, बिघाड. मी खाली मोकळ्या जागेत खरं कारण लिहिलं. ते संगणकात जात नाही म्हणून बाईंनी ‘बिघाड’वर खूण केली. मग कळलं की कनेक्शन नवऱ्याच्या नावावर आहे, ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, आणि तो चाकणला कंपनीत, जिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. त्या दिवसाची अर्धी रजा गेली ती गेलीच.

जायचं असेल तर कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याला बरोबर न्या. बॉक्ससोबत रिमोट आणि ॲडॉप्टरही न्या, त्याशिवाय घेत नाहीत.

आमचा टीव्ही मुळात स्मार्टच आहे, बॉक्सची गरज नव्हती. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये ऑटोप्ले आणि प्रीव्ह्यू दोन्ही बंद केले. फोनवर बंद केलं म्हणून टीव्हीवर बंद होत नाही, प्रत्येक यंत्रावर वेगळं करावं लागतं. आणि सासूबाईंचं खातं वेगळं ठेवा. माझंच खातं टीव्हीवर होतं, हिस्ट्री बंद केल्यावर त्यांच्यासमोर कोरं पान आलं. “अगं, माझे महाराज कुठे गेले?” त्यांची हिस्ट्री मी मुद्दाम चालू ठेवली आहे. कीर्तनानंतर कीर्तनच येतं, त्यांना त्रास नाही, आणि ते संपल्यावर आता आपोआप पुढचं लागत नाही. सगळ्यांना एकच पथ्य लावायचा हट्ट मी सोडून दिला.

मुलाचा प्रश्न शॉर्ट्सचा, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या छोट्या व्हिडिओंचा. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात शॉर्ट्सची चाचणी आपल्याकडेच सुरू झाली, म्हणजे ही पोरं त्यातच मोठी झालेली. त्याच्या फोनवर डिजिटल वेलबीइंगमधून (फोनचा वापर मोजायची, आवरायची सोय) रोजचा टायमर लावला. टायमर त्याला काढता येतो, त्याने काढलाही. त्यापेक्षा उपयोगी पडलं ते यूट्यूबचं ॲपच डिसेबल करणं आणि गणिताचे व्हिडिओ लॅपटॉपवर, हॉलमध्ये बसून बघणं. कुरकुर भरपूर झाली. अजून होते.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं. तिथे मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचं गावाने ठरवलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर तसं सुचवलं, तर दोन अंगठे आणि एका काकांचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ आला.

एक राहिलं. बघायचं ते आधी कागदावर लिहून मग टीव्ही लावा. फ्रिजवर आमच्याकडे चिठ्ठी असते, सध्या त्यावर ‘उकडीचे मोदक, पारी फाटते’ आणि ‘त्रिकोणमिती’ आहे.

आणि बॉक्स परत केल्याची पावती जपून ठेवा. आमच्या पुढच्या बिलात बॉक्सचं भाडं लागून आलं होतं, जो म्हणे फुकट होता. पावती दाखवल्यावर काढलं. ती तक्रार मात्र पहिल्याच फोनला नोंदली गेली, बिलाचा रकाना आहे ना त्यांच्याकडे.