याद्यांच्या बैठकीतला नवरदेव

आमच्या सांगलीकडे लग्न ठरले की याद्यांची बैठक होते. दोन्ही घरची थोरली मंडळी, मध्यस्थ आणि सुवाच्य अक्षराचा एखादा भाचा सतरंजीवर बसतात आणि बस्ता कोणी बांधायचा, कार्यालय कोणाकडे, जेवणावळ कोणाकडे, मानपानाच्या साड्या किती, हे सारे कागदावर उतरवून घेतात. या बैठकीत नवरदेवाने काय करायचे, असे मी माझ्या लग्नाच्या वेळी विचारले, तेव्हा बोलावणे येईपर्यंत आतल्या खोलीत थांबायचे आणि आल्यावर सर्वांच्या पाया पडायचे, असे उत्तर मिळाले.

आपली भाषाच त्याला नवरदेव म्हणते, सीमांतपूजनात वधूचे आईवडील त्याचे पाय धुतात, आणि देवाने मंडपवाल्याशी घासाघीस केल्याचे कधी ऐकिवात नाही. एरवी नोकरीत मोठमोठी कामे तडीस नेणारा मुलगा स्वतःच्या लग्नात ‘घरचे बघतील’ म्हणून मोकळा होतो, तो आळसामुळे नव्हे. त्याच्यासाठी कोणी काम शिल्लक ठेवलेले नसते आणि ते तसे नसणे त्यालाही सोयीचे असते.

मी बैठकीत जाऊन बसलो आणि खर्च निम्मा-निम्मा करण्याचे सुचवले. वडील काही क्षण गप्प राहिले, पण त्यांनी मान्य केले. खरी अडचण निघाली ती मामांच्या एका वाक्यातून. ‘आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही आपल्या हौसेने करा,’ असे ते व्याह्यांना म्हणाले. हे वाक्य मुलीच्या बापाला कसे ऐकू येते, हे मला त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. हौसेला आकडा नसतो, म्हणून ती पुरेशी झाली असे कधी ठरतच नाही. त्यानंतर आत्याकडून सहा पैठण्यांची आठवण आली, बँडऐवजी डीजेची सूचना आली आणि आमच्या बाजूची पाने अडीचशेवरून चारशेवर गेली.

यातल्या एकाही गोष्टीला मुलीकडची, नाशिकची ती माणसे ‘नाही’ म्हणू शकत नव्हती. माझी होणारी पत्नीही म्हणू शकत नव्हती, कारण तिचा नकार पुढची वीस वर्षे तिला ऐकवला गेला असता. वरपक्षाला निर्धास्तपणे नकार देऊ शकेल असा एकच माणूस त्या घरात होता आणि रिवाजानुसार त्याला आतल्या खोलीत बसवले जाणार होते. म्हणून फुलांचे रंग आणि पत्रिकेचा कागद मी तिच्यावर व करवल्यांवर सोपवला (त्यात मला गतीही नव्हती) आणि आपल्याच नातेवाइकांना एकेक फोन करण्याचे काम घेतले. आत्या आठ दिवस बोलल्या नाहीत. हळदीला मात्र सर्वांत आधी आल्या.

नवरदेवाच्या हाती लेखणी असावी, असे कायद्यालाही वाटते. हुंडाबंदीचा कायदा 1961चा असला, तरी 1985च्या नियमांनी वराला मिळालेल्या भेटवस्तूंची यादी वरानेच ठेवावी, तीत अंदाजे किंमत व देणाऱ्याचे नाव लिहावे आणि तिच्यावर वधूवरांनी सह्या कराव्यात, असे सांगितले आहे. आम्ही ती यादी शंभर पानी वहीत केली, तेव्हा भाचे मंडळी हसत होती.

मुहूर्ताबाबत माझा एक हट्ट होता. मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या की मंडळी पंगतीकडे धावतात आणि सप्तपदी रिकाम्या खुर्च्यांसमोर होते. वास्तविक 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7नुसार, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. म्हणजे पाहुणे जिलेबीवर असताना लग्न अजून लागायचे असते. आम्ही दुपारचा मुहूर्त सोडून सकाळी दहाच्या सुमाराचा धरला, जेणेकरून जेवणाच्या वेळेआधी सप्तपदी व्हावी. पण त्यामुळे आमच्या सगळ्या वऱ्हाडाला आदल्या संध्याकाळीच नाशिक गाठावे लागणार होते. मुहूर्त माझ्या हट्टाचा, तेव्हा जानवशाचा, रात्रीच्या जेवणाचा आणि दोन बसगाड्यांचा खर्च माझा, असे मी आधीच कळवून टाकले. हट्टाची किंमत समोरच्याने मोजायची, ही पद्धत मला मोडायची होती.

होणाऱ्या मेहुण्याबरोबर मी तीन महिने एकाच तक्त्यात हिशेब लिहीत होतो. लाजाहोमाच्या वेळी तो कानपिळीसाठी पुढे आला. गुरुजींनी बहिणीला नीट सांभाळण्याविषयी काहीतरी बजावण्यास सांगितले. त्याने माझा कान चांगला करकचून पिळला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, ‘दाजी, जनरेटरवाल्याचे चार हजार तुमच्याकडून राहिले आहेत.’