अकरा दिवसांचा दंड

मी व्यवसायाने कंपनी सचिव, म्हणजे कंपनीची कायदेशीर पूर्तता सांभाळणारा अधिकारी आहे. 2019 मध्ये मी ज्या उत्पादक कंपनीत रुजू झालो, ती तेव्हा पूर्णपणे एका कुटुंबाच्या मालकीची होती. 2021 मध्ये तिचे समभाग राष्ट्रीय आणि मुंबई या दोन्ही शेअर बाजारांत सूचिबद्ध झाले, म्हणजे त्यांचे लिस्टिंग झाले. या प्रवासाविषयी मला कोणी विचारले, तर प्रश्न बहुधा ‘लिस्टिंग कसे मिळाले’ असाच असतो. लिस्टिंग मिळवण्यात आमचे सुमारे दीड वर्ष गेले, ते टिकवण्याचे काम मात्र अजून संपलेले नाही. त्यामुळे हा अनुभव लिहिताना दुसऱ्या भागाला अधिक जागा द्यावी लागणार आहे.

पात्रतेचे आकडे आमच्यासाठी अवघड नव्हते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या 2018 च्या भांडवल उभारणीविषयक नियमांनुसार मुख्य बाजारात नफ्याच्या निकषावर येणाऱ्या कंपनीकडे आधीच्या तिन्ही वर्षांत किमान 3 कोटी रुपयांची निव्वळ मूर्त मालमत्ता, प्रत्येक वर्षी किमान 1 कोटी रुपयांचे नक्त मूल्य आणि तीन वर्षांचा सरासरी 15 कोटी रुपयांचा परिचालन नफा असावा लागतो. हे सगळे ताळेबंदातच दिसत होते, म्हणून आमच्या अध्यक्षांना, म्हणजे मुख्य प्रवर्तकांना (कंपनी उभी करून ती ताब्यात ठेवणाऱ्यांना प्रवर्तक म्हणतात), वाटले की सहा महिन्यांत काम होईल. वेळ गेला तो आकड्यांत नव्हे, तर जुन्या कागदांत.

माहितीपत्रकाच्या मसुद्यात, ज्याला सगळे डीआरएचपीच म्हणतात, कंपनीच्या स्थापनेपासूनच्या प्रत्येक समभाग वाटपाचा इतिहास द्यावा लागतो. नव्वदच्या दशकातील एका वाटपाचा ‘फॉर्म 2’, म्हणजे निबंधकांकडे भरलेले वाटपाचे विवरण, आमच्याकडे सापडेना. कंपनी निबंधकांकडील ऑनलाइन नोंदी 2006 नंतरच्या. त्याआधीचे सारे कागदी. एका व्यावसायिक कंपनी सचिवांकडून निबंधक कार्यालयातील नोंदींची तपासणी करून घेतली, त्यांनी ‘दस्तऐवज आढळला नाही’ असे प्रमाणपत्र दिले आणि अखेर ती उणीव आम्ही जोखमीच्या प्रकरणात गुंतवणूकदारांसमोर स्पष्ट शब्दांत मांडली. अध्यक्षांना हे लाजिरवाणे वाटत होते. समभाग विक्रीचे काम पाहणाऱ्या मर्चंट बँकरचे म्हणणे असे की, कागद नसणे हा मोठा दोष नाही, पण नसलेला कागद आहे असे भासवणे हा आहे. त्यांचे बरोबर होते. दुसरी अडचण प्रवर्तकांच्या समभागांची होती. ते सर्व डीमॅट असल्याशिवाय मसुदा दाखल करता येत नाही आणि अध्यक्षांच्या धाकट्या भावांचे एक जुने भागप्रमाणपत्र गहाळ झाले होते. दुय्यम प्रमाणपत्र काढून ते डीमॅट करून घेण्यात काही आठवडे गेले, बाकी सारे त्याच्यासाठी थांबून राहिले.

त्यानंतरचे टप्पे ठरल्याप्रमाणे पार पडले: दोन्ही बाजारांची तत्त्वतः मान्यता, सेबीचे प्रश्न आणि आमची उत्तरे, मग निरीक्षणपत्र, ज्यावर 12 महिन्यांच्या आत विक्री सुरू करावी लागते. लिस्टिंगच्या दिवशी बाजारात घंटा वाजवण्याच्या कार्यक्रमाचे छायाचित्र आजही स्वागतकक्षात आहे. त्यात मी कोपऱ्यात, हातात फाईल घेऊन उभा आहे. ती फाईल पहिल्या तिमाहीच्या भागधारणा विवरणाची, म्हणजे कोणाकडे किती समभाग आहेत याच्या तक्त्याची होती.

सूचिबद्ध कंपनीवर सेबीचे 2015 चे सूचिबद्धता आणि प्रकटीकरण नियम लागू होतात. ते त्याच वर्षी 1 डिसेंबरपासून अमलात आले आणि जुन्या लिस्टिंग कराराची जागा त्यांनी घेतली. आमच्याकडे त्यांना ‘एलओडीआर’ एवढेच म्हणतात. वाचताना ते वेळापत्रकासारखे दिसतात. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत भागधारणेचे विवरण, 45 दिवसांत तिमाही निकाल, वर्षअखेरीनंतर 60 दिवसांत लेखापरीक्षित वार्षिक निकाल. या तारखा भिंतीवर लावता येतात. खरा त्रास ज्या घटनांची तारीख आधी माहीत नसते, त्यांचा असतो. कंपनीच्या आतूनच घडलेली महत्त्वाची घटना 2023 पासून 12 तासांत आणि बाहेरून आलेली 24 तासांत बाजाराला कळवावी लागते, तर संचालक मंडळाच्या बैठकीतील निर्णय बैठक संपल्यापासून 30 मिनिटांत. डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीने व्यवहाराची वेळ उलटल्यावर संपणाऱ्या बैठकीसाठी ही मुदत 3 तासांची झाली. पण आमच्या पहिल्या काही वर्षांत ती सवलत नव्हती.

अर्धा तास किती छोटा असतो, हे पहिल्याच निकालांच्या वेळी समजले. बैठक संपली, तरी संचालक खुर्च्यांवरून उठले नाहीत. गप्पांच्या ओघात पुन्हा विस्तार प्रकल्पाचा विषय निघाला आणि आता बैठक संपली की चालू आहे, हे मलाच ठरवता येईना. त्यातच लेखापरीक्षकांचा तिमाही निकालांवरचा मर्यादित पुनरावलोकन अहवाल स्वाक्षरी होऊन आला, तो एक पान कमी. निकाल बाजाराच्या पोर्टलवर चढला तेव्हा चार मिनिटे उरली होती. त्या दिवसापासून मी बैठकीच्या समाप्तीची वेळ मोठ्याने उच्चारून इतिवृत्तात नोंदवतो आणि पत्राचा मसुदा केवळ आकडे भरण्यापुरता मोकळा ठेवून आधीच तयार करतो. काही संचालकांना हे नाटकी वाटते, त्याला माझा इलाज नाही.

याहून कठीण होते ते अध्यक्षांची बोलण्याची सवय बदलणे. आयुष्यभर त्यांनी चांगली बातमी आधी विक्रेत्यांना सांगितली होती. लिस्टिंगनंतर आठ महिन्यांनी एका विक्रेता मेळाव्यात त्यांनी सहज सांगून टाकले की, पुढच्या वर्षी दुसरा कारखाना उभा राहणार. मंडळाची मंजुरी अजून व्हायची होती. दोन दिवसांत भाव चढला आणि बाजाराकडून स्पष्टीकरण मागणारा ईमेल आला. उत्तर देताना शब्द न् शब्द तोलावा लागला, कारण ही अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती होती. अशी माहिती कोणाला, कधी आणि कशासाठी दिली, याची नोंद पॅन क्रमांकासह फेरफार न करता येणाऱ्या संगणकीय नोंदवहीत ठेवणे अंतर्गत व्यवहारविरोधी (इनसायडर ट्रेडिंग रोखणाऱ्या) नियमांनुसार बंधनकारक आहे. मेळाव्यातील शे-दीडशे विक्रेत्यांची नोंद त्या वहीत कशी करायची, असे मी अध्यक्षांना विचारले. ते रागावले, मग हसले. आणि तेव्हापासून भाषणाचे टिपण आधी माझ्याकडे पाठवतात.

भाव घसरला तेव्हा त्यांना बाजारातून आणखी समभाग घ्यावेसे वाटले. सार्वजनिक भागधारणा किमान 25 टक्के राखणे बंधनकारक असल्याचे आणि प्रवर्तकांकडे आधीच 74 टक्क्यांहून अधिक असल्याचे त्यांना दाखवावे लागले. स्वतःच्याच कंपनीचे समभाग घेण्यास आपल्याला मनाई असू शकते, ही गोष्ट त्यांना अजूनही पूर्णपणे पटलेली नाही.

आणि तरीही चूक झाली, ती माझ्याच खात्यात. अध्यक्ष प्रवर्तक असल्याने मंडळात निम्मे संचालक स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी किंवा प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले असावे लागतात. आमचे आठांपैकी चार होते. 2022 च्या उत्तरार्धात एका स्वतंत्र संचालकांनी राजीनामा दिला. सविस्तर कारणे आणि ‘याखेरीज दुसरे महत्त्वाचे कारण नाही’ ही त्यांची पुष्टी सात दिवसांच्या आत बाजाराकडे पाठवली. इथवर सारे नियमात होते. रिक्त जागा तीन महिन्यांत भरायची होती. एक नाव सर्वांना पसंत पडले आणि मी निर्धास्त झालो. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात घोषणापत्रे तपासताना लक्षात आले की, ते ज्या छोट्या कायदा सल्लागार संस्थेचे भागीदार होते, तिला आम्ही आधीच्या वर्षी दिलेले शुल्क तिच्या उलाढालीच्या 10 टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे ते नियमाच्या दृष्टीने स्वतंत्र ठरत नव्हते. ही तपासणी मी पहिल्या आठवड्यात करायला हवी होती. सज्जन माणूस आणि स्वतंत्र माणूस यांत मी घोळ घातला.

नवे नाव शोधून नियुक्ती होईपर्यंत 11 दिवस उशीर झाला. मंडळाच्या रचनेतील त्रुटीसाठी दर दिवसाला 5,000 रुपये दंड. म्हणजे 55,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 64,900 रुपये. रक्कम कंपनीच्या दृष्टीने किरकोळ होती. पण बाजाराची दंडाची सूचना पुढच्या बैठकीत मंडळासमोर ठेवावी लागते आणि मंडळाचे म्हणणे बाजाराला कळवावे लागते. मी वाचून दाखवत असताना नव्या संचालक बाई शांतपणे म्हणाल्या, “माझ्या पहिल्याच बैठकीचा विषय माझाच उशीर आहे.” दंड भरला नसता, तर पुढे प्रवर्तकांची डीमॅट खाती गोठवण्यापर्यंत आणि समभाग नियम न पाळणाऱ्या कंपन्यांच्या ‘झेड’ गटात टाकण्यापर्यंत कारवाई जाऊ शकते, हेही त्याच बैठकीत सांगावे लागले.

वार्षिक अहवालातील कंपनी सुशासनाच्या प्रकरणात मागील तीन वर्षांतील दंडांचा तपशील द्यावा लागतो, त्यामुळे ते 11 दिवस तीन अहवालांत छापले गेले. दरवर्षी मुद्रितशोधनाच्या वेळी अध्यक्ष त्या ओळीवर बोट ठेवून विचारत, “अजून?” आणि मी वर्षे मोजून दाखवत असे. 2024-25 च्या अहवालात ती शेवटची छापली गेली. त्या वेळी त्यांनी विचारले नाही, फक्त ओळीखाली पेन्सिलीने एक रेघ ओढून मुद्रित माझ्याकडे परत दिले.