मान टाकली

रविवारी सकाळी सव्वासातला आण्णांचा फोन आला. "मॅडम, गुंजीनं मान टाकली बगा." पुढं बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "ते शेवटचं इंजेक्शन असतंय न्हवं, ते घेऊनच या. आता दवाखान्याला आणून हाल करत न्हाई तिचं."

मी उलट काही विचारलं नाही. सतरा वर्षांची मांजरी, दोन वर्षांचं किडनीचं दुखणं, त्यात मान टाकली म्हटल्यावर विचारायचं काय? कपाटाचं कुलूप काढलं, ती बाटली पिशवीत टाकली आणि मंगळवार पेठेतून स्कूटर काढली. महाद्वार रोडला अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी सुरू झाली होती. गुजरीच्या, म्हणजे सराफांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून चालत निघाले. बंद शटरांच्या पुढं एक झारेकरीण गटारीच्या कडेची माती सोन्याच्या कणांसाठी ब्रशनं गोळा करत होती. मला आण्णांच्या घरच्या काकींचं वाक्य आठवलं आणि पोटात कालवलं.

ते वाक्य कळायला थोडं मागं जावं लागेल.

आण्णांनी उभं आयुष्य कोल्हापुरी साज घडवण्यात घातलं. आता नजर साथ देत नाही म्हणून दुकान मुलाकडं आहे, पण वरच्या माळ्यावर त्यांचा पाट आणि चांदी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा अजून जागच्या जागी असतो. मांजरीचं नाव गुंजी. तांबूस अंग आणि कपाळावर काळा ठिपका, म्हणून. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे त्यांनीच मला एकदा शिकवलं. "अडीचशे तोळ्याची गुंज हाय आमची," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडं आली तेव्हा तक्रार काकींची होती. पाणी फार पिते, बादलीत तोंड घालते, आणि मोरी सारखी ओली करते. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, 3.2 आलं, बरंच जास्त, लघवी पाण्यासारखी पातळ. मी नेहमीचं समजावून सांगितलं: मांजराची किडनी पाऊण भाग निकामी होईपर्यंत रक्ताच्या तपासात बहुतेक वेळा काही दिसत नाही, दिसतं तेव्हा उरलेल्या पाव भागावर काम चाललेलं असतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे घट सोडून चार आण्याचा माल ऱ्हायला. तो किती दिवस पुरवायचा, एवढंच आपल्या हातात, व्हय?"

मी आजवर याहून नेमकं कुणाकडून ऐकलेलं नाही. आता दुसऱ्यांना समजावताना त्यांचंच वाक्य वापरते.

घरच्या घरी सलाईन द्यायचं ठरलं. एक दिवसाआड शंभर मिली, शिरेत नाही, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली. कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि सुई त्या तंबूत सारायची. बाटली आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, नाहीतर गार पाणी अंगात गेल्यावर जनावर शहारतं आणि पुढच्या खेपेला पिशवी बघूनच कपाटाखाली जातं. साजाच्या पानडीत लाख भरताना ज्यांचा हात कधी हलला नाही, त्या आण्णांचा हात पहिल्या दिवशी लटलट कापला. "सोनं वरडत न्हाई ओ," म्हणाले. तिसऱ्या खेपेपासून मात्र माझ्यापेक्षा सफाईनं टोचू लागले. गुंजी पाटावर बसून राहायची, पाठीवर पाण्याचा मऊ उंचवटा तयार व्हायचा, आणि काही तासांत तो कुठल्या कुठं जिरायचा.

खाण्याची लढाई काकींची. किडनीच्या मांजराला फॉस्फरस कमी असलेलं अन्न हवं, आणि सुकट त्यात अजिबात बसत नाही; मीठ आहेच, वर फॉस्फरस. औषधी खाण्याची पाकिटं गुंजीनं हुंगून सोडून दिली. शेवटी पाव भाग पाकीट, बाकी काकींनी शिजवलेलं बिनमिठाचं चिकन, त्यात फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर, असा तह झाला. मी पहिल्यांदा याला नाराज होते. आता नाही. उपाशी राहिलेलं म्हातारं मांजर योग्य आहाराच्या नावाखाली झपाट्यानं झिजतं, हे दोन-चार वेळा डोळ्यांनी बघितलं की तत्त्व मवाळ होतं. सुकटीवर मात्र मी आणि आण्णा अडून बसलो होतो. काकी म्हणायच्या, "पंधरा वर्सं खाल्ली तवा काय झालं न्हाई. तुमी आला आन झालं."

आणि वही. आण्णा रोज सकाळी गुंजीला चांदीच्या काट्यावर बसवून ग्रॅमात वजन लिहायचे. मला फोनवर सांगताना मात्र तोळ्यात: "आठवड्यात तीन तोळं उतरली." खाणं किती, पाणी किती, तेही लिहायचे. एवढंच नाही, तर तिच्या मातीची पाटी रात्री नि सकाळी तोलून लघवी किती झाली तेही. काकी वैतागून म्हणायच्या, "झारेकऱ्यागत माती तोलत बसत्यात. त्यास्नी तरी सोनं मिळतंय."

माझं चुकलं ते इथं. ती वही मी दरवेळी कौतुकानं चाळायची, फोटो काढायची, आणि निर्णय मात्र रक्ताच्या रिपोर्टवर घ्यायची. फोनच्या पंधरा दिवस आधी क्रिएटिनिन 3.9 आलं. मी सलाईन वाढवलं: एक दिवसाआडचं रोज, शंभरचं दीडशे. आकडा वाढला, पाणी वाढवलं. वहीत त्यानंतर काय लिहिलं जात होतं ते मी विचारलं नाही.

जिना चढून वर गेले. गुंजी पाटाशेजारच्या गोधडीवर बसली होती. बसलीच होती, पडली नव्हती. हनुवटी छातीला टेकलेली, मान पुढून गळून गेलेली, कुणी कानशिलं धरून खाली दाबल्यासारखी. आण्णांनी वापरलेला शब्द अक्षरशः खरा होता आणि मी तो म्हणीसारखा ऐकला होता.

काकी स्वयंपाकघरातून आल्या. बांगड्या वाजल्या तशी गुंजीनं वर बघितलं. मान हलली नाही, नुसते डोळे वर गेले. मी ताट तिच्या तोंडाखाली सरकवलं तर जीभ बाहेर आली आणि दोनदा चाटलं. तोंड हुंगलं, किडनी पुरती बसलेल्या मांजराच्या तोंडाला जो मुतारीसारखा वास मारतो तो नव्हता. हिरड्या फिकट होत्या, पण महिन्यापूर्वी होत्या तेवढ्याच. उभं करायला गेले तर पाय कणकेसारखे, टाच टेकवून दोन पावलं टाकली आणि बसली.

मी मूळची म्हशींची डॉक्टरीण. दवाखाना काढायच्या आधी आठ वर्षं पन्हाळा तालुक्यात गोठ्यागोठ्यानं हिंडले. व्यायलेली म्हैस दुसऱ्या दिवशी खाली बसते, उठत नाही, मान वळवून बरगडीवर टाकते, अंग गार पडतं. घरातल्या बाया रडायला लागलेल्या असतात. आपण कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाश सोडायची, छातीवर कान ठेवून. बाटली संपत येते तशी म्हैस ढेकर देते, शेण टाकते, आणि कितीदा तरी अर्ध्या तासात उठून उभी राहते. ती मेलेली नसते. तिच्या रक्तातून एक क्षार दुधावाटे निघून गेलेला असतो.

गुंजीकडं बघत होते आणि मला ती म्हैस दिसत होती. इथं दूध नव्हतं, लघवी होती.

"आण्णा, वही."

पंधरा दिवसांची पानं एका दमात वाचली. सलाईन वाढवल्यापासून पाटीचं वजन रोज चढत गेलेलं. खाणं सत्तर ग्रॅमवरून पंचवीसवर. वजन 2 किलो 820 वरून 2 किलो 610. म्हणजे वरून कमी आणि खालून जास्त. तिला देत होतो त्या सलाईनच्या, रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत पोटॅशियम असतं, पण नावापुरतं, लिटरला 4 मिलिइक्विव्हॅलंट. मी रोज दीडशे मिली पाणी घालून तिच्या अंगातलं पोटॅशियम धुऊन काढत होते. आणि पोटॅशियम घटलं की स्नायू लुळे पडतात. मांजराच्या मानेला म्हशीसारखा किंवा घोड्यासारखा तोलून धरणारा जाड पट्टा नसतो, सगळा भार स्नायूंवर. म्हणून ते पहिल्यांदा मान टाकतं. हे पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

मी म्हटलं, "आण्णा, मला दोन तास द्या. हे कदाचित शेवटचं नाही."

ते काही बोलले नाहीत. काकी बोलल्या. "कदाचित म्हंजे?"

"म्हणजे मला रक्त बघायला लागंल. आणि ते तसं असलं तर चूक माझी आहे."

माझ्या दवाखान्यात क्षार मोजायचं यंत्र नाही. रक्त काढून माणसांच्या एका लॅबमध्ये गेले. रविवारी तिथं एकच मुलगा होता, त्यानं कॉम्प्युटरवर नाव, वय, लिंग विचारलं. मी सांगितलं. रिपोर्ट आला तो 'कु. गुंजी, वय 17' या नावानं. पोटॅशियम 2.6. साडेतीनच्या खाली गेलं की कमी धरतात. मुलगा घाबरून म्हणाला, "पेशंटला लगेच ॲडमिट करा मॅडम."

केलं. टोपलीतून दवाखान्यात आणलं, पुढच्या पायाला सुई लावली. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराईडचं एक अँप्युल. बाटली उलटीसुलटी करून नीट मिसळली, कारण ते तळाशी बसलं आणि एकदम शिरेत गेलं तर हृदय जागच्या जागी थांबतं. याच कारणासाठी मी इथं घरी द्यायचा कुठलाही डोस लिहीत नाही. किडनीच्या काही मांजरांत, विशेषतः लघवी बंद झाली की, पोटॅशियम उलट चढतं, आणि तिथं हेच औषध जीव घेईल. लक्षण बघून नाही, रक्त बघून द्यायचं. ब-जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही टोचलं. ब1 कमी पडलं तरी मांजर अशीच मान टाकतं, आणि त्यात घालवण्यासारखं काही नव्हतं.

तासाला बारा मिली. मायक्रोड्रिपचा सोपा हिशेब असा, की तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब. आण्णांना तेवढं सांगितलं आणि ते घड्याळ घेऊन स्टुलावर बसले. दुपारी जेवायला गेले नाहीत. माझ्याकडं एक कुत्रा टाके घालायला आला, एक पोपट आला, ते सगळं होऊन मी आत गेले तरी त्यांचे ओठ हलत होते. मधेच मला हाक मारली, "मॅडम, अकरा पडालेत." खरंच अकरा होते. चाकी केसभर फिरवली.

रात्री नऊ वाजता मान तशीच. पाय थोडे घट्ट वाटले, पण मला हवं होतं म्हणून वाटले असतील. आण्णांना घरी पाठवलं आणि मी दवाखान्यातच खुर्चीवर पाय पसरले. पिशवी कोपऱ्यात होती, ती बाटली आतच. पहाटे कधीतरी उठून कुलपात ठेवून आले.

सोमवारी सकाळी परत रक्त घेतलं: 3.1. संध्याकाळी गुंजीची हनुवटी छातीपासून दोन बोटं सुटली. मंगळवारी सकाळी मी दार उघडलं तर ती पिंजऱ्यात उभी होती, मान वर, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती की या बाईनं आपल्याला इथं का ठेवलंय. दुपारी घरी सोडली. सलाईन परत एक दिवसाआड आणि शंभरवर आणलं, तोंडातून पोटॅशियम सुरू केलं, दर दोन आठवड्यांनी रक्त ठरवलं. किडनी काही बरी झाली नाही. क्रिएटिनिन आधी होतं तिथंच होतं. पण त्या चार आण्यांवर गुंजीनं पुढं दिवाळी काढली, शिमगा काढला, आणि पाऊस लागायच्या आत एका रात्री गोधडीवर झोपेतच गेली. मला बोलवायची वेळ आली नाही.

त्यानंतर आण्णा एकदा वही घेऊन दवाखान्यात आले. "तुमच्याकडंच ऱ्हावू दे, दुसऱ्या कुणाला दाखवाय यील." माझ्या टेबलाच्या खणात ती अजून आहे. त्या रविवारच्या पानावर वजनापुढं शेरा आहे: मान. पुढं खाली वळलेला बाण. सोमवार कोरा. मंगळवारी आण्णांच्या सोनारी अक्षरात: मान वर. सुकट मागितली. दिली नाही.

त्याच्याखाली पेन्सिलीनं, दुसऱ्या हातानं: दिली.