चार सेकंदांची खडखड

एप्रिलच्या शेवटी माझ्या गॅरेजात आलेली गाडी. पेट्रोलवरची चार सिलिंडरची हॅचबॅक, ६८ हजार किलोमीटर झालेली. मालक अक्कलकोटच्या शाळेवर सर, म्हणजे रोजचं जाऊन-येऊन ८० किलोमीटर पळणं. तक्रार एकच: सकाळी पहिल्यांदा चावी मारली की इंजिनात चार सेकंद खडखड, आणि तेवढाच वेळ ऑइलचा लाल दिवा. मग सगळं गप्प. दिवसभर कितीदाही बंद-चालू करा, आवाज नाही.

"टायमिंग चेन गेली म्हणाले दुसऱ्या गॅरेजात, अण्णा. पंधरा हजार सांगितलेत."

चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारी साखळी, गेली असेलही. पण चेनचा ताण धरणारा टेन्शनर या इंजिनात ऑइलच्या दाबावर चालतो. दाब आला नाही की चेन सैल राहते आणि ताणलेल्या चेनसारखीच वाजते. इथे आवाज आणि दिवा एकदमच जात होते, याचा अर्थ दाबच उशिरा येत होता. शिवाय गाडी दोन तास उभी राहिली तर काही नाही, रात्रभर राहिली तरच खडखड. काहीतरी हळूहळू रिकामं होत होतं. या इंजिनाला ऑइल फिल्टर आडवा बसतो, म्हणजे आतलं ऑइल मागे ओघळू शकतं, त्यामुळे माझी नजर आधी त्याच्यावर गेली.

त्याआधी प्रेशर स्विच काढून तिथे दाब मोजायचा गेज लावला. इंजिन पूर्ण तापल्यावर ३,००० आरपीएमला साडेतीन किलो. ऑइल पंपावरचा संशय तिथेच मिटला.

फिल्टर ९ हजार किलोमीटर चाललेला होता. काढल्यावर तो लगेच उपडा करून ट्रेमध्ये टाकायचा नाही; सगळा पुरावा तिथेच सांडतो. हा फिल्टर इंजिनावर जसा आडवा बसतो तसाच हातात धरायचा. मधल्या आट्याच्या भोकातून ऑइल येऊ द्यायचं, ते थांबलं की तोंड पुसून घ्यायचं. आता आतलं ऑइल मधल्या भोकाच्या खालच्या कडेइतकं असतं, आणि कडेच्या बारीक भोकांपैकी सगळ्यात खालची त्या पातळीच्या खाली. घाण ऑइल आत येतं ते याच बारीक भोकांतून, आणि त्यांच्या मागे रबराची चकती असते, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन बंद असताना ऑइल मागे जाऊ न देणारी झडप. ती नीट असेल तर खालची भोकं कोरडी राहतात. इथे तीन भोकांतून सरळ धार लागली.

टॉर्च मारून पाहिलं तर एका भोकात पांढरा धागा अडकलेला. चिमट्याने ओढला, जवळजवळ बोटाच्या पेराएवढा. हा धागा चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतून, आलेला नाही; पंपाच्या तोंडाशी जाळी असते, एवढा लांब धागा तिथेच अडकला असता. तो आला फिल्टरची बैठक पुसताना. आमच्या सोलापुरात निम्मी गॅरेजं टॉवेल कारखान्यांच्या चिंधीवर हात पुसतात, स्वस्त मिळते म्हणून. आमच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याला तोड नाही, पण त्याच्या वेटोळ्या सुटून धागे राहतात. बैठक पुसायला जुना सुती शर्ट किंवा धोतराचा तुकडा घ्यावा.

गॅरेजातला पोरगा खूश झाला. "सापडला की अण्णा, धागाच होता!"

"थांब की बे." धागा काढल्यावर फिल्टरमध्ये पुन्हा ऑइल भरून आडवा धरला. धार कमी झाली, पण थेंब चालूच राहिले. म्हणजे धाग्याने भर घातली होती, मूळ दुखणं रबरात होतं.

मग डबा कापायला घेतला. फिल्टर हॅक्सॉने कापू नये. ब्लेडचा कीस आत पडतो आणि मग इंजिनाचं लोखंड कुठलं नि ब्लेडचं कुठलं, हे कळत नाही. पाइप कापायच्या कटरसारखा चाकाचा कटर मिळतो. तो बुडाच्या वळलेल्या कडेच्या थोडा वर धरून फिरवत फिरवत आवळायचा. कापण्याआधी रात्रभर निथळू द्यावा, नाहीतर हात आणि बाक दोन्ही माखतात. सरांकडे तेवढा वेळ होता, गाडी ठेवून गेले.

तुलनेला शेल्फवरचा एक वापरलेला फिल्टर होता, त्याच मापाचा, दुसऱ्या कंपनीचा, १० हजार चाललेला. दोन्ही शेजारी शेजारी उघडले. बाहेरून दोघांचा रंग, उंची आणि आटे सारखेच.

आधी रबर. तुलनेच्या फिल्टरची चकती बोटावर घडी केली तर पुन्हा सपाट झाली. सरांच्या गाडीतली मुडपली की तशीच राहायची, आणि काचेवर ठेवली तर एका बाजूने कड उचललेली. नायट्राइल रबर सतत तापलेल्या ऑइलमध्ये कडक होत जातं. सिलिकॉन जास्त दिवस मऊ राहतं. सिलिकॉन बहुतेक वेळा लाल-नारिंगी असतं खरं, पण नायट्राइललाही तसा रंग देता येतो, तेव्हा रंगावर जाऊ नये, वाकवून पाहावं.

त्याच रबराच्या आतल्या गळ्यावर दुसरी गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हा गळा फिल्टरचा कागदी गठ्ठा आणि बुडाची प्लेट यांच्यामध्ये दाबून बसतो. घाण बाजू आणि स्वच्छ बाजू यांच्यातली सील तीच. दाब देते डब्याच्या डोक्याकडची स्प्रिंग. चांगल्या फिल्टरमध्ये गळ्यावर पूर्ण गोल, एकसारखी चकचकीत रेघ उमटलेली होती. यात रेघ जेमतेम अर्धी. उरलेल्या अर्ध्यात काळा गाळ आतपर्यंत गेलेला. तिथून ऑइल कागदाला न शिवताच इंजिनात जात होतं. स्प्रिंग म्हणजे नुसती पातळ पत्र्याची पट्टी, अंगठ्याने सहज चपटी होणारी.

बायपास व्हॉल्व्ह तोलायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कागद तुंबला किंवा ऑइल थंड, जाड असेल तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो. गठ्ठा काट्यावर उभा करून काटा शून्यावर आणायचा आणि व्हॉल्व्हची चकती पेन्सिलीच्या मागच्या टोकाने सरळ दाबायची. ती हलायला लागते तो आकडा टिपायचा. बैठकीचा व्यास १४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटिमीटर. एक बारला (बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब) उघडायचा असेल तर सुमारे १,५७० ग्रॅम लागायला हवेत. तुलनेचा दीड किलोला हलला. सरांचा ४०० ग्रॅमला. म्हणजे पाव बारलाच दार उघडं. थंड इंजिनाला रोज सकाळी, आणि गरम असतानाही जोरात पळवलं की.

आता कागद. लोक फिल्टर उघडला की आधी घड्या मोजतात, म्हणून मीही मोजल्या. सरांच्या फिल्टरमध्ये ३८ घड्या, दुसऱ्यात ५६. घडीची खोली १.२ सेंटिमीटर आणि उंची ४.८. घड्यांची संख्या गुणिले दोन गुणिले खोली गुणिले उंची, असं केलं तर एकात ४३८ चौरस सेंटिमीटर कागद आणि दुसऱ्यात ६४५. फरक मोठाच आहे. कागद कमी असला तर फिल्टर लवकर भरतो, एवढंच. पण ९ हजार किलोमीटर चालूनही सरांच्या फिल्टरचा कागद मला दुसऱ्यापेक्षा स्वच्छ दिसला. एखाद्याने कौतुकाने म्हटलं असतं, बघा इंजिन किती स्वच्छ. तो स्वच्छ होता कारण त्याच्यातून ऑइल कमीच गेलं होतं.

गठ्ठा पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून, मधल्या नळीत मोबाइलचा टॉर्च लावून अंधाऱ्या कोपऱ्यात धरला. चांगल्या कागदातून मंद, सगळीकडे सारखा पिवळसर उजेड येतो. यात वरच्या टोपीशी डिंक सुटलेल्या जागी दोन पांढऱ्या ठिणग्या दिसल्या. घड्याही एका बाजूला दाटलेल्या, दुसऱ्या बाजूला विरळ.

शेवटी इंजिनाची तब्येत. कागद कात्रीने टोप्यांपासून सोडवून उलगडला आणि उन्हात धरला. त्यावरचे कण बशीत घेऊन खालून चुंबक फिरवलं. जरासा काळा भुगा हलला, तो या किलोमीटरला असतोच. न चिकटणाऱ्या चंदेरी टिकल्या दहा-बारा निघाल्या, बारीक रव्यापेक्षाही बारीक. बेअरिंगच्या थराच्या असू शकतात. पापुद्रे किंवा तांबूस कण मात्र नव्हते, म्हणून इंजिन उघडायला सांगितलं नाही.

नवा फिल्टर बसवताना जुन्याच्या तोंडाचं गोल रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. दोन रबरं एकावर एक बसली तर काही मिनिटांत चेंबर रिकामं होतं. नव्या रबराला ऑइलचं बोट लावलं, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पाना नाही. बदलल्यावर पहिल्या स्टार्टला दिवा दोन-तीन सेकंद राहतोच, डबा रिकामा असतो. त्यामुळे निकाल तेव्हा लावायचा नाही. गाडी आणखी एक रात्र ठेवून घेतली. सकाळी साडेसहाला चावी मारली, दिवा एका सेकंदात गेला. खडखड नाही.

सरांनी विचारलं, दुकानात न कापता कसा ओळखायचा? काडी घेऊन जा. बारीक भोकातून आतलं रबर हलकेच दाबायचं. ते दबून लगेच परत प्लेटला चिकटलं पाहिजे. मधल्या भोकातून बोट घालून गठ्ठा ढकलायचा; सहज मागे जात असेल किंवा गोल फिरत असेल तर तो डबा काउंटरवरच ठेवून यायचा. आट्यांत पत्र्याचा कीस लागला तरीही.

त्या दहा-बारा टिकल्या छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून त्यावर गाडीचे किलोमीटर लिहून ठेवलेत. हा नवा फिल्टर १० हजारांची वाट न पाहता ३ हजारांवर काढायचा ठरलंय. तो उघडला की दोन्ही पुड्या शेजारी ठेवून मोजू. टिकल्या वाढल्या असतील तर चेंबर खोलून बेअरिंग पाहावी लागतील, आणि ते सरांना आत्ताच सांगून ठेवलंय.