बायचुंगच्या मागावर: आधी सिलिगुडीचा रस्ता समजून घ्या

फुटबॉलपटू बायचुंग भुतियाची कारकीर्द नकाशावर फार सोपी दिसते. सिक्कीम, कोलकाता, इंग्लंडमधलं बेरी, मलेशियातलं पेराक. आम्ही दोघांनी रजा जुळतील तसे तुकड्या-तुकड्यांनी हे मुक्काम केले. पासपोर्ट, व्हिसा, परदेश वगैरेचं दडपण होतं, पण जीव काढला तो पश्चिम बंगालमधलं सिलिगुडी ते सिक्कीममधलं नामची या घाटाने. त्यामुळे आधी त्याबद्दल.

'तीन तासांत नामची' असं जो सांगेल, तो शेवटचा कधी गेला होता ते विचारा. ऑक्टोबर २०२३मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनक सरोवर फुटून तीस्तेला पूर आला, तेव्हापासून नदीकाठच्या राष्ट्रीय महामार्ग १०चा भरवसा उरलेला नाही. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद, आणि गाड्या दार्जिलिंगच्या बाजूने वळसा घालून जोरथांगला उतरतात. त्या उताराची वळणं अशी आहेत की पोटात काही नसलेलंच बरं. एवढं सोसून हॉटेलात पोहोचलो तेव्हा जेवायची ताकद नव्हती.

पण खरा राग रस्त्याचा नाही, सिलिगुडीच्या जीप स्टँडवरच्या माणसाचा. दुपारी पोहोचलो तर 'शेअर जीप संपल्या, आता फक्त रिझर्व्ह'. भाव ऐकून मी हसलो, तोही हसला, आणि एक रुपया कमी केला नाही. शेवटी एका सीटच्या भाड्याच्या कितीतरी पट मोजून अख्खी गाडी घेतली. थोडं पुढे गेल्यावर ड्रायव्हर त्याच गाडीत वाटेतली माणसं भरायला लागला. विचारलं तर म्हणाला, 'जागा रिकामी आहे ना!' हे टाळायचं तर सकाळी लवकर सिलिगुडीच्या एसएनटी (सिक्कीम सरकारच्या बससेवेच्या) स्टँडवर हजर व्हा. रात्रीच्या गाडीने न्यू जलपाईगुडी या सिलिगुडीच्या रेल्वे स्टेशनला या, थेट तिकडे जा, चहासुद्धा नंतर प्या. पाठीवर एकच सॅक हवी. टपावरच्या ट्रॉली बॅगेचं काय होतं ते मी पाहिलंय.

आणि एवढं करून नामचीत काय? स्टेडियमला बायचुंगचं नाव आहे, फोटो निघतो, संपलं. आम्हाला सगळ्यांनी 'तिथेच तो घडला' असं सांगितलं होतं. साफ खोटं. त्याचा जन्म १९७६चा, सिक्कीममधल्याच तिनकिताम गावचा. नवव्या वर्षी साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) शिष्यवृत्ती मिळाली आणि तो गंगटोकच्या ताशी नामग्याल अकादमी या शाळेत गेला. १९९२च्या सुब्रतो चषक या शालेय स्पर्धेत चमकला आणि पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबमध्ये. म्हणजे फुटबॉलसाठी जायचं तर गंगटोकला, पालजोर स्टेडियमला. ते भर शहरात आहे, संध्याकाळी पोरं खेळताना दिसतात. तिनकितामला गेलात तर डोंगर बघा, घर शोधत लोकांची दारं वाजवू नका. सिलिगुडीची गाडी तिकडे फिरवायला तयार होत नाही, सिक्कीमच्या नंबरची टॅक्सी करावी लागते. म्हणजे परत एकदा घासाघीस.

कोलकाता मात्र वसूल! सॉल्ट लेक स्टेडियमला डर्बीच्या, म्हणजे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांच्या सामन्याच्या दिवशीच जा, नाहीतर जाऊच नका. १३ जुलै १९९७ला इथेच फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात बायचुंगने मोहन बागानविरुद्ध हॅटट्रिक केली. ईस्ट बंगाल ४, बागान १, आणि आत सव्वा लाखाहून जास्त माणसं. आता खुर्च्या बसवल्यामुळे तेवढी मावत नाहीत, पण गोल झाल्यावर पायाखालचं काँक्रीट हलतं हे मी शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी घसा बसला होता. हावड्याहून आता थेट मेट्रो आहे, स्टेशनचं नावच सॉल्ट लेक स्टेडियम. टॅक्सीच्या नादी लागू नका, सामना सुटल्यावर ती मिळत नाही. तारखा ऐनवेळी हलतात, तेव्हा परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं ठेवा. गेटबाहेर 'दादा, टिकिट' म्हणणाऱ्याकडे बघूही नका.

पंजाबातलं फगवाडा वगळा. तिथल्या जेसीटी संघाने बायचुंगसकट १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, पण संघ २०११मध्येच बंद झाला. बघायला काही नाही.

बेरीबद्दल लोकांनी घाबरवलं होतं: थंडी, पाऊस, मेलेला क्लब. थंडी आणि पाऊस खरे. १९९९मध्ये बायचुंग इथे आला तेव्हा बेरी क्लब इंग्लिश लीगच्या तिसऱ्या पातळीवर खेळत होता. तीन मोसमांत लीगचे ३७ सामने, ३ गोल. घरी बसून आकडे वाचले की वाईट वाटतं. गिग लेन या बेरीच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये वारा खात बसल्यावर वाटलं, कोलकात्यात एवढं डोक्यावर घेतलेला माणूस इथे राखीव खेळाडूंच्या बाकावर कसा टिकला असेल? २०१९मध्ये क्लबला लीगमधून काढून टाकलं, २०२३पासून खालच्या पातळीवर याच मैदानावर पुन्हा सामने होतात. त्यामुळे तिकिटाची मारामारी नाही. शनिवारी दुपारचा सामना बघूनच बेत आखा. बिनसामन्याचं गिग लेन म्हणजे बंद फाटक. मँचेस्टरहून पिवळी ट्राम थेट बेरीला जाते, पुढे वीसेक मिनिटं चालत. ट्राममध्ये चढण्याआधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा फलाटावरच्या यंत्राला कार्ड टेकवा, नाहीतर जास्तीचं भाडं कापलं जातं. सामन्यात शेजारी बसलेल्या आजोबांना बायचुंग आठवत होता. 'वेगवान पोरगा, सारखा दुखापतग्रस्त,' एवढं म्हणून ते परत पंचांना शिव्या द्यायला वळले.

पेराक. २००३मध्ये बायचुंग इथल्या संघाकडून खेळला, मुक्काम इपोह शहरात. तिथला सगळा प्रवास सुरळीत झाला, म्हणून लिहिण्यासारखं थोडंच. क्वालालंपूरहून इपोहला ईटीएस ही वेगवान विजेची रेल्वे आहे, अडीचेक तास, स्वच्छ आणि वेळेवर. शनिवार-रविवारची तिकिटं आधीच संपतात, तेवढं बघा.