पिनोशे आणि शहर आवृत्ती

रविवारची रात्रपाळी एरवी निवांत असते. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती गेलेली, शहर आवृत्तीवर शेवटचा हात फिरवायचा, की सुटलो. १० डिसेंबर २००६ च्या रात्री मात्र अकराच्या सुमारास फ्लॅश आला: चिलीचे माजी लष्करशहा ऑगस्टो पिनोशे यांचे निधन, वय ९१. विदेशच्या पानावरची लावलेली बातमी उपटून जागा केली.

मुख्य उपसंपादक म्हणाले, "अर्थव्यवस्था त्यानंच रुळावर आणली, ते वर घे."

"साहेब, १९८२ च्या मंदीत तीच अर्थव्यवस्था आपटली होती, बुडत्या बँका सरकारनं ताब्यात घेतल्या. आणि तीन हजारांवर माणसं ठार किंवा बेपत्ता आहेत. ती आधी जाऊ देत."

कुरकुरत का होईना, ऐकलं त्यांनी.

चढती कमान चार ओळींत बसली. लष्करप्रमुख कार्लोस प्रात्स यांनी पायउतार होताना याचंच नाव सुचवलं, अध्यक्ष आयेंदे यांनी २३ ऑगस्ट १९७३ ला नेमलं आणि ११ सप्टेंबरला यानंच बंड करून सत्ता बळकावली, अध्यक्षीय प्रासादावर हॉकर हंटर विमानांतून मारा झाला. (१९७१ च्या युद्धात लोंगेवालाला आपण वापरली त्याच जातीची विमानं. मोहानं लिहिलं, जागेपायी कापलं.) आयेंदे प्रासादातच मरण पावले. प्रात्स आणि त्यांच्या पत्नीला पुढच्या वर्षी ब्यूनस आयर्समध्ये मोटारीत बॉम्ब लावून उडवलं.

उतरणीला जागा पुरेना, कारण हा गडी एकदम पडलाच नाही. १९८८ च्या सार्वमतात जवळपास ५६ टक्क्यांनी नाकारला, १९९० ला अध्यक्षपद गेलं, तरी लष्करप्रमुखपद आणखी आठ वर्षं धरून बसला. १९९८ ला स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवर लंडनमध्ये अटक झाली. आजारी म्हणून सुटला आणि सँटियागोच्या विमानतळावर व्हीलचेअरमधून उठून चालू लागला! मग २००४ मध्ये अमेरिकेतल्या रिग्ज बँकेतली गुप्त खाती उघडकीला आली. माझं स्पष्ट मत आहे, त्याच्या भक्तांना प्रेतं पचली, खाती पचली नाहीत. खटले बरेच झाले, शिक्षा एकाही प्रकरणात नाही.

सरकारी इतमाम अध्यक्षा मिशेल बाशेले यांनी नाकारला. त्यांचे वडील, हवाई दलातले जनरल, याच राजवटीच्या कोठडीत छळानंतर गेले होते. लष्करी मानवंदना तेवढी मिळाली.

अंत्यदर्शनाच्या रांगेत प्रात्स यांचा नातूही उभा राहिला आणि नंबर आल्यावर शवपेटीवर थुंकला. ती बातमी मी कुणाला न विचारता लावली.