चिंगीच्या लघवीची वही: मार्च ते जुलै

मार्चअखेर. चिंगी, माझी गिनीपिग, मादी, वय साडेतीन, वजन 912 ग्रॅम. लघवीला बसली की पाठीची कमान करते आणि बारीक, लांबट चिरकते. खाऊ मागतानाची शिट्टी वेगळी आणि हे वेगळं, ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. खाणं चालू होतं, लेंड्या नीट होत्या, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. खाणं सुटलं किंवा लघवी होतच नसली तर मात्र रात्र काढायची नाही. नरांच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण त्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि खडा तिथेच अडकतो.

पिंजऱ्यात कागदाचा भुसा काढून जुन्या पांढऱ्या धोतराच्या घड्या घातल्या. खर्च शून्य आणि प्रत्येक डाग दिसतो. गिनीपिगची लघवी मुळात गढूळच. त्यांचं आतडं खाण्यातलं कॅल्शियम गरज असो-नसो शोषून घेतं आणि जादाचं लघवीवाटे जातं, त्यामुळे वाळल्यावर पांढरा थर उरणारच. तो बोटांत चोळून बघायचा. पिठासारखा लागला तर ठीक, रव्यासारखा लागला तर मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ. चिंगीचा चक्क बारीक रवा होता, वर एका कडेला गुलाबी झाक.

त्या गुलाबीवरून लगेच रक्त समजू नका. काही भाज्यांनी आणि लघवीतल्या रंगद्रव्यांनीही डाग हवेत लालसर-तपकिरी होतो. औषधाच्या दुकानात लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात, पण फक्त साखर आणि प्रोटीन दाखवणारी डबी इथे काही कामाची नाही, रक्ताचा चौकोन असलेली मागा. दूध पिशवी धुऊन, कापून, उलटी अंथरली आणि चिंगीला काकडी देऊन वर बसवलं. साचलेले थेंब सुई नसलेल्या सिरिंजने ओढून पट्टीवर सोडले. रक्ताचा चौकोन पिवळ्याचा गडद हिरवा झाला, म्हणजे रक्त होतं. सामू (pH) साडेआठ आला त्याने दचकू नका, त्यांची लघवी अल्कधर्मीच असते आणि म्हणूनच त्यांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे निघतात.

एप्रिल. दोघींवर मिळून (ठमी पण आहे) महिन्याला हजार-बाराशेच्या वर माझ्याने होत नाही. पण एक्स-रे टाळला नाही आणि तुम्हीही टाळू नका. खडा, गाळ की नुसता जंतुसंसर्ग, हे बाहेरून कळत नाही आणि तिन्हींचे उपाय वेगळे. हे खडे एक्स-रेत स्वच्छ पांढरे दिसतात, त्यामुळे एका फोटोत बहुतेक उलगडा होतो. खाजगी दवाखान्यांतले दर ऐकून मी साताऱ्याहून शिरवळचा रस्ता धरला. पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत खर्च आवाक्यात असतो, मुंबईकरांना परळ आहे, नागपूरकरांना त्यांचं कॉलेज. सोबत ठमीला नेलं. एकटी नेली की चिंगी खात नाही.

निदान: खडा नाही, मूत्राशयाच्या तळाशी गाळ, वर संसर्ग. कातडीखालून सलाईन, दुखणं कमी करायला मेलोक्सिकॅम आणि जंतुसंसर्गावर ट्रायमेथोप्रिम-सल्फाचं सिरप. मात्रा लिहीत नाही, ती वजनावर डॉक्टरच ठरवतात. एवढं मात्र पाठ करा: अमॉक्सिसिलिन, कुठलंही पेनिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे द्यायचं नाही. आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जनावर जातं. कुत्र्या-मांजरांच्या सवयीने कुणी लिहून दिलं तर तिथेच विचारा. मी घरातला अमॉक्सिसिलिनचा उरलेला पत्ताच कपाटाबाहेर काढला.

मे. सगळा महिना गवताचा. परदेशी टिमोथी गवत आपल्याला परवडत नाही, आणि चारावाल्या मामांकडे गेलं की ते लसूणघासच (म्हणजे अल्फाल्फा) पुढे करतात. "ताई, घास न्या की, सगळी जनावरं आवडीनं खातात." खातात, त्यातच तर घोटाळा आहे. लसूणघासात टिमोथीच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असू शकतं. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालतो, गाळवाल्यांना नको. सशाच्या दाण्याच्या पाकिटावरही घटक वाचा, बऱ्याचदा पहिलं नाव तेच असतं. आता दोघींना हरळी आणि मारवेल. मारवेल बांधावरचा, फवारणी नसलेल्या शेतातला, गच्चीवर सावलीत वाळवलेला. उन्हात वाळवला की पिवळा पडतो आणि ठमी नाक मुरडते. कोवळी ज्वारी तोडून घालू नका, तिने गुरंसुद्धा दगावतात.

भाजीत पालक, माठ, मेथी, शेवग्याचा पाला बंद. काकडी, दुधी, थोडी कोथिंबीर आणि रोज ढोबळी मिरचीची फोड. क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात बनत नाही, निरोगी जनावराला किलोमागे दहा-वीस मिलिग्रॅम रोज लागतं. हिरव्या ढोबळीत 100 ग्रॅममागे साधारण 80 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 25-30 ग्रॅमची फोड पुरते. पाण्यात टाकायचे थेंब विकत घेऊ नका, ते तासागणिक निकामी होतात आणि चव बदलली म्हणून पाणी पिणंच कमी होतं.

आणि पाणी पोटात जाणं हाच तर निम्मा उपचार. नळीच्या बाटलीशेजारी मातीची जड वाटी ठेवली, चिंगी वाटीतून कितीतरी जास्त पिते. भाजी धुऊन झटकायची नाही, ओलीच टाकायची. दुपारी पिंजऱ्यावर ओलं पोतं.

जून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन. एप्रिलमध्ये 858 पर्यंत उतरली होती, आता 890. पट्टीवरचा चौकोन पिवळा. थर पिठासारखा, क्वचित एखादा रवाळ कण. चिरकणं बंद. उलट पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारायला लावते ठमीला, म्हणजे ठमी पुढे आणि ही मागे, आणि मग दोघी मिळून मारवेलाच्या गठ्ठ्यात घुसतात.

जुलै. 905. फेरतपासणीच्या एक्स-रेत गाळ खूपच कमी, पण पूर्ण गेला नाही. हा त्रास उलटतो असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आठवड्यातून एकदा पट्टी चालू ठेवणार. सध्याची अडचण पावसाची. मारवेल वाळत नाही, गठ्ठ्याच्या मधल्या थराला बुरशीचा वास यायला लागला की तो सगळाच टाकावा लागतो. ओला दिला तर दोघी खातात, पण रोज कापून आणायला बांध जवळ हवा. कोकणातली किंवा महाबळेश्वरकडची कुणी मंडळी पावसाळ्यात गवत कसं वाळवतात? पंख्याखाली दोरीवर टांगून कुणी बघितलंय का?